एक हॉल, तीन भाषा: बाप्टिस्ट मंडळ्यांतल्या वाचकांचे प्रश्न

या महिन्याची बहुतेक पत्रं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मंडळ्यांमधून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, आली. विषय जवळजवळ एकच: एका मंडळीतले सवते सुभे, आणि त्यांच्यात सापडलेला पाळक (पास्टर).

प्रश्न: प्रभूच्या नावात सलाम. आमची मंडळी ऐरोलीत शाळेच्या हॉलमध्ये भरते. सव्वाशे माणसं. निम्म्याहून अधिक मराठी, चाळीसेक तेलुगू आणि नोकरीसाठी आलेली वीस-बावीस नागा मुलंमुली. उपासना एकत्र होते, पण चहाला तीन घोळके पडतात. पाळकसाहेबांनी ‘ख्रिस्तात भेद नाही’ यावर कडक उपदेश केला. त्यानंतर दोन जुनी मराठी कुटुंबं येईनाशी झाली आणि तेलुगू बांधव वेगळी उपासना मागू लागले. उपदेश चुकला का? (मंडळीचा कारभार पाहणारा एक डीकन)

उत्तर: उपदेश चुकला नसावा, तो फार लवकर झाला. ‘भेद नाही’ हे ऐकल्यावर ज्याला भेद सोसावा लागतो तो मनात म्हणतो, मग हॉलची किल्ली वर्षानुवर्षं त्याच घरात कशी? आणि ज्याच्या घरात किल्ली आहे त्याला वाटतं, पाळकांनी नाव न घेता चारचौघांत आपल्यालाच बोल लावले. दोघंही दुखावतात आणि पुढच्या रविवारी सगळं जिथल्या तिथे.

बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय ६ पुन्हा उघडा. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जात होत्या. प्रेषितांनी त्यावर ऐक्याचं प्रवचन झोडलं नाही. मंडळी बोलावली, सात जण निवडायला सांगितले आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. तिथे वाढपीच बदलले.

तुमच्याकडे सुरुवात मोजण्यापासून करा. सलग चार रविवार एका कागदावर लिहून ठेवा: शास्त्रपाठ कोणी केला, प्रार्थना कोणी केली, अर्पण कोणी गोळा केलं, कोणी मोजलं, माइक कोणाकडे होता, प्रभुभोजनाचे (भाकर-द्राक्षरसाचे) ट्रे कोणी फिरवले, खुर्च्या कोणी रचल्या. बहुधा असं दिसेल की खुर्च्या नागा मुलं उचलतात, पातेली तेलुगू बाया घासतात आणि पैसे दोन घरं मोजतात. हा कागद उपासनेत वाचून दाखवू नका. डीकनांच्या बैठकीत, दार लावून, टेबलावर ठेवा. ‘ते पुढे येतच नाहीत’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्यावर एवढंच विचारा: कोणाला विचारलं, कोणी विचारलं, कधी?

मग सभासदांची यादी काढा. खरी गोम इथे असते. बाप्टिस्ट मंडळीत अंतिम अधिकार सभासदांच्या सभेचा, म्हणून ज्याचं नाव यादीत नाही त्याला आवाज नाही. नागा मुलांपैकी बऱ्याच जणांचं सभासदत्व गावच्या मंडळीत असतं, दशांशही (उत्पन्नाचा दहावा भाग) तिकडेच जातो. इथे ती पाच-सहा वर्षं येतात आणि शेवटपर्यंत पाहुणीच राहतात. गावचं सभासदत्व तोडायला लावू नका, ते नातं घट्ट असतं. मंडळीच्या घटनेत (नियमावलीत) ‘सहयोगी सभासद’ असा वर्ग ठेवा: गावच्या मंडळीचं पत्र, इथे वर्षभराची हजेरी, आणि पाळक निवडण्यासह इथल्या सगळ्या विषयांवर मत. घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेतच करायची, रीतसर नोटीस काढून. तुमचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर दुरुस्तीआधी वकिलाला कागद दाखवा. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल व्हायला हवा. तो राहून गेला की पुढच्या भांडणात जुनी माणसंच कागदोपत्री विश्वस्त निघतात.

तिसरं काम पैशाचं. अर्पण दोन वेगवेगळ्या गटांतल्या दोघांनी, त्याच दिवशी, हॉल सोडण्याआधी मोजायचं, आकडा वहीत शाईनं लिहायचा, दोघांच्या सह्या. पाळकानं नोटांना हात लावू नये. हे चार-सहा महिने सुरळीत चाललं की मग तो उपदेश पुन्हा करा, तेव्हा लोक ऐकतील.

एक गोष्ट जाता जाता. ‘आम्ही जुने, ते नंतर आले’ हा सूर तुमच्या पत्रात नाही, पण मंडळीत असणारच. महाराष्ट्रातलं जुनं मिशनकाम मुख्यतः अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशन यांचं, आणि ती बाप्टिस्ट नव्हती. उलट नागा टेकड्यांत बाप्टिस्ट मंडळी १८७२ पासून आहे, आणि तेलुगू मुलखात ओंगोलजवळ ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. बाप्टिस्ट म्हणून वडीलकी मोजायचीच तर पाहुणे कोण, ते बघा.

राहिली तेलुगू उपासनेची मागणी. ती बंडखोरी समजू नका. माणूस रडतो आणि प्रार्थना करतो ती आईच्या भाषेत. होकार द्या, पण यादी एक, तिजोरी एक, प्रभुभोजन एकत्र. आणि वेळ आळीपाळीनं. मराठीला कायम सकाळचे नऊ आणि तेलुगूला मे महिन्यात पत्र्याखाली दुपारचे तीन, हे भाषेपुरतं उरत नाही. दर तीन महिन्यांनी अदलाबदल करा. सकाळची वेळ ठरवताना ट्रान्स-हार्बर लोकलचा रविवारचा मेगाब्लॉकही बघा. पनवेलकडून येणारे उशिरा पोचले की त्यांच्यावर बेशिस्तीचा शिक्का बसतो.

प्रश्न: एकत्र उपासनेत उपदेशाचं भाषांतर ठेवलं, तर सगळेच कंटाळतात. उपाय? (तुर्भे)

उत्तर: वाक्यागणिक भाषांतर केलं की वेळ दुप्पट होतो. चाळीस मिनिटांचा उपदेश ऐंशीवर जातो आणि शेवटी मुलं खुर्च्या वाजवायला लागतात. उपदेश वीस मिनिटांचाच लिहा. मुद्दे, वचनांचे संदर्भ आणि उदाहरणं गुरुवारपर्यंत भाषांतरकाराच्या हातात द्या. अभंगाची ओळ, म्हण, शब्दांवरची कोटी आयत्या वेळी घुसवू नका. भाषांतरकार गांगरतो किंवा स्वतःच उपदेश सुरू करतो. दोन-चार हजार खर्च करता येत असतील तर सहलीचे गाइड वापरतात तसा छोटा माइक आणि कानातले काही संच भाड्यानं आणून पाहा. गीतांना तर भाषांतर नकोच. तेलुगू गीत देवनागरीत आणि मराठी गीत तेलुगू लिपीत पडद्यावर टाका. उच्चार चुकतील, चुकू द्या.

प्रश्न: अमेरिकेतल्या बाप्टिस्टांनी वर्णभेदाबद्दल माफी मागितल्याचं तरुणसंघाच्या अभ्यासात आलं. आपल्याकडे गोरे-काळे नाहीत. हा विषय इथे कशाला? (ठाणे पूर्व)

उत्तर: आधी हकिगत नीट घ्या. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांचा संघ, १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे स्थापन झालं. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, या वादात दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले. माफीचा ठराव झाला १९९५ मध्ये, अटलांटात, दीडशे वर्षांनी. पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष, न्यू ऑर्लिन्सचे पाळक फ्रेड ल्यूटर, निवडून आला २०१२ मध्ये. म्हणजे माफीपासून खुर्चीपर्यंत आणखी सतरा वर्षं. आणि राष्ट्रीय ठराव कोणत्याही एका मंडळीला बांधत नाही, कारण बाप्टिस्ट व्यवस्थेत प्रत्येक मंडळी स्वायत्त. ठराव अटलांटात झाला तरी गल्लीतल्या चर्चमध्ये शेजारी कोण बसणार, हे गल्लीतच ठरतं. रविवारी सकाळी अकराचा तास हा देशातला सगळ्यात विभागलेला तास आहे, असं मार्टिन ल्यूथर किंग म्हणत. ते स्वतः बाप्टिस्ट पाळक होते.

आता इथलं. आपल्याकडे कातडीचा रंग विचारत नाहीत, ‘पाहुणे कुठले तुमचे?’ असं विचारतात. मूळ आडनाव, गाव, मामाचं आडनाव. तीन प्रश्नांत जात कळते आणि स्थळ पुढे सरकतं किंवा थांबतं. नागा मुलांना तर प्रश्नही विचारावा लागत नाही, चेहरा बघून रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे ठरवून मोकळे होतात. भाड्याचं घर मिळवून देताना मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसानं मालकासमोर सोबत जाऊन बसणं, हे त्यांच्यासाठी चार प्रार्थनासभांपेक्षा मोलाचं असतं.

मराठीचं व्याकरण १८०५ साली छापणारे विल्यम केरी आपल्याला माहीत असतात. ते बाप्टिस्ट. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा घेणारा पहिला भारतीय कृष्ण पाल हा सुतार, डिसेंबर १८०० मध्ये. १८०३ मध्ये त्याच्या मुलीचं लग्न ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या कृष्णप्रसादशी लागलं. तिथे जातीचा प्रश्न पंगतीत आणि लग्नात सोडवला होता. तुमच्या मंडळीतली गेल्या दहा वर्षांतली लग्नं मोजा, अभ्यासाला विषय मिळेल.

पाळकांसाठी एक सूचना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे जातीच्या कागदांचा विषय घराघरांत नाजूक असतो. तो व्यासपीठावरून काढू नका, आणि सभासद अर्जावर जातीचा रकाना असेल तर तो काढून टाका.

प्रश्न: मी पाळक आहे. भाषेच्या वादात मधे पडलो म्हणून काही सभासद मला काढण्यासाठी सह्या गोळा करत आहेत. आमच्यावर बिशप नाही. दाद कोणाकडे मागू? (घणसोली)

उत्तर: बिशप नाही, हीच बाप्टिस्ट पाळकाची मोकळीक आणि हीच अडचण. ज्या सभेनं मतदानानं बोलावलं तीच सभा मतदानानं निरोप देऊ शकते. म्हणून आज रात्री घटना वाचा: सभा बोलवायला किती सह्या, नोटीस किती दिवसांची, गणसंख्या किती, साधं बहुमत की दोन तृतीयांश, पाळकगृह सोडायला किती मुदत, किती महिन्यांचा पगार. घटनेत हे नसेल तर बाजूच्या एखाद्या मंडळीचे दोन वडीलधारे पाळक निरीक्षक म्हणून बोलवा. त्यांना अधिकार नसतो, पण बाहेरचे डोळे असले की आवाज खाली येतात. ती सभा तुम्ही चालवू नका. आपल्या बाजूची माणसं मोजत फोन करत बसू नका. जिंकलात तरी अर्ध्या मंडळीचेच पाळक उराल.

यापुढे निरोप्या होणं बंद करा. ‘तेलुगू लोक म्हणतात’, ‘मराठी घरं म्हणतात’ अशी वाक्यं पाळकाच्या तोंडून गेली की दोन्ही बाजू त्याच्यावरच ढकलतात. तक्रार करणाऱ्याला समोर बसवा, नावानं बोलायला लावा. अपवाद एकच: विशीतली मुलगी जुन्या डीकनाविरुद्ध बोलायला घाबरत असेल तर तिला सोबत माणूस आणू द्या, आणि तिचं म्हणणं लिहून घ्या. गृहभेटींचीही वही ठेवा. पाळक कोणाकडे जेवतो हे मंडळी बारकाईनं मोजते. एकाच घरचं मटण वारंवार खाल्लंत तर निष्पक्षपणावरचा उपदेश पचत नाही.

आणि मंडळीबाहेरचा एक माणूस शोधा, ज्याच्याशी महिन्यातून एकदा मोकळं बोलता येईल. ते ओझं बायकोवर टाकू नका. तिला स्त्रीमंडळात त्याच माणसांत बसायचं असतं.

प्रश्न: प्रभुभोजनात काही जण आधीच्या रांगांतून आलेला प्याला घ्यायचं टाळतात. काय करावं? (ऐरोली)

उत्तर: छोटे वेगळे प्याले वापरा, ट्रे एका रविवारी पुढून तर पुढच्या वेळी मागून फिरवा, वाटणारे दरवेळी बदला. सगळ्यांच्या हातात येईपर्यंत थांबा आणि एकाच वेळी प्या. तरीही कोणी टाळत असेल तर ते आरोग्याचं कारण नाही, आणि त्या घरी पाळकानं आठवड्याच्या आत जायला हवं.

प्रश्न: ठाण्यातलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आपलंच ना? (कळवा)

उत्तर: नाही, ते कॅथलिक आहे. नाव बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं, पंथाचं नव्हे.

प्रश्न: स्नेहभोजनाला नागा मुलांनी आखुनी घालून डुकराचं मटण केलं. वासावरून मोठा वाद झाला. पुढच्या वेळी त्यांना फक्त भात आणायला सांगावं का? (कोपरखैरणे)

उत्तर: सांगू नये. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. तिचा वास उग्र असतो, तसाच भाजलेल्या सुकटीचाही, आणि सुकट आपण खिडक्या उघडून भाजतोच की. स्वयंपाक हॉलबाहेर, मोकळ्यावर ठेवा. डुकराचं मटण न खाणाऱ्यांसाठी पातेलं आणि पळी वेगळी, वर चिठ्ठी चिकटवलेली. आणि या वेळी वाढायला त्याच मुलांना उभं करा.