नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच छोटा ट्रेक करायचाय, कुठे जावं आणि थंडीसाठी काय काय घ्यावं?

थंडीचं टेन्शन घेऊच नका हो. तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, आधी कधी गड चढलेला नाही आणि थर्मल वगैरे घ्यायचा विचार चाललाय, तर ते पैसे चांगल्या ग्रिपच्या बुटांत घाला. आपल्या सह्याद्रीत या दिवसांत माणूस गारठत नाही, घसरतो. पाऊस संपला की वाटेवरची माती सुकून भुगा होते, खाली मुरूम, वर बारीक खडी, आणि बाजूचं गवत वाळून वाटेवर आडवं झालेलं, चढताना यातलं काही जाणवत नाही पण उतरताना त्या वाळक्या गवतावर पाय पडला की थेट बसकणच. नवीन लोक घाबरून मागे रेलतात आणि म्हणूनच पडतात. गुडघे थोडे वाकलेले, पावलं छोटी, पाय जरा तिरका, आणि धरायचंच झालं तर गवत नाही, कारवीच्या झुडपाचा बुंधा धरा किंवा पक्का दगड. दगडसुद्धा आधी बघून, कपारीत बोटं घालायची नाहीत, सकाळच्या उन्हात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, येऊन बसलेलं असू शकतं.

पहिल्यांदा जाताय तर माझं मत कोराईगड. लोणावळ्याहून अ‍ॅम्बी व्हॅलीच्या रस्त्याने पेठ शहापूरला जायचं, तिथून बरीचशी वाट पायऱ्यांची, रमतगमत गेलात तरी साधारण तासाभरात वर. तटबंदी जवळजवळ सगळी शाबूत आहे, तिच्यावरून अख्ख्या गडाला फेरी मारता येते, कोराई देवीचं देऊळ आहे, तोफा आहेत. फक्त तटावर वारा सणसणीत असतो आणि थंडी वाजलीच तर ती इथेच, कारण चढताना कॉटनचा टीशर्ट घामाने भिजलेला असतो. म्हणून एक सुका टीशर्ट आणि पातळ विंडचीटर सॅकमध्ये टाका, बास, स्वेटर गाडीत राहू दे.

तिकोना गड दुसऱ्या वेळेला करा. छोटाच आहे, पण शेवटच्या पायऱ्या चांगल्याच उभ्या आणि उंच, भले भले उतरताना बसून उतरतात. पण सकाळी लवकर वर पोचलात तर पवना धरणाच्या पाण्यावर धुक्याची चादर आणि त्यातून तुंग, लोहगड, विसापूर डोकी काढून उभे, ते बघायला मी वर्षातून एकदा तरी जातोच. लोहगडही सोपा आहे, लोकलने मळवलीला उतरून भाजेमार्गे चालत जाता येतं, पण विकेंडला तिथे जत्रा असते आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यावर ती कमी होईल असं काही मला वाटत नाही, त्यामुळे गेलात तर मधल्या वारी जा आणि विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेपर्यंत, जाऊन या, नुसते दरवाजे बघून परतू नका.

वेळेचं मात्र मनावर घ्या. या दिवसांत सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीतल्या वाटेवर त्याच्याही आधी अंधारून येतं, तेव्हा दुपारी निघून सनसेट बघून येऊ हा प्लॅन पहिल्या खेपेला नकोच. तरी टॉर्च घ्या, मोबाईलचा नाही, वेगळा.

हो, आणि वाळक्या गवताची कुसळं! मोजे आणि ट्रॅकपँट भरून जातात, घरी काढत बसावं लागतं, आणि आखूड मोज्यांत तर घोट्याची वाट लागते. गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला. पाणी माणशी दोन लिटर घरूनच, गडावरच्या पाण्याच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. परफ्युम मारून जाऊ नका, कड्यांना आग्यामोहोळं असतात. शेकोटी, सिगारेट अजिबात नको, एवढ्या वाळक्या गवतात ठिणगी पडली की अख्खा डोंगर वणव्यात जातो.