रबाळेचा प्रेसवाला आणि तैवानचं सॉकेट: सागरला उत्तर

सागर,

तुझा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात असं: रबाळे एमआयडीसीत टूलरूमला सहा वर्षं, प्रोग्रेसिव्ह डायचं (पट्टी पुढे सरकत जाते तसा टप्प्याटप्प्याने पार्ट कापणारा-वाकवणारा प्रेसचा साचा) डिझाइन, डिप्लोमा करून मग बीई. घर कळव्याला, बायको, तीन वर्षांची मुलगी, आई-बाबा सोबत. तैवानच्या एका कनेक्टर कंपनीने प्रोसेसरच्या सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर चिप बसते त्या खोबणीचं, डिझाइन करायला मुलाखतीला बोलावलंय. जाऊ का, काय वाचू, हातात किती उरेल. आणि शेवटी हळूच लिहिलंस, "दादा, मी प्रेसवाला माणूस, इलेक्ट्रॉनिक्समधलं मला काही कळत नाही."

शेवटापासून सुरू करतो, कारण तू चुकतोयस ते तिथेच.

मीही नौपाड्यातून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरून महापेला जाणाराच माणूस. इथे न्यू तैपेईत आता नऊ वर्षं झाली. पहिल्या दिवशी मॅनेजरने मायक्रोस्कोपखाली एक कॉन्टॅक्ट, म्हणजे सॉकेटमधली चिपला टेकणारी इवलीशी पट्टी, ठेवला आणि बघ म्हणाला. नुसत्या डोळ्यांना तिळाचं टरफल वाटेल एवढा तो तुकडा. काचेतून बघितलं तर दोन ठिकाणी वाकवलेली पट्टी, टोकाला सोन्याचा ठिपका, कडेला शिअरची चमक आणि तिच्याखाली तुटलेला खरखरीत पट्टा. तो पट्टा ओळखला आणि जीव भांड्यात पडला. पंच-डायमधून निघालेला पार्टच आहे हा, आपला रोजचा. फक्त लहान.

आता काम काय ते सांगतो. पूर्वी पिना प्रोसेसरच्या पोटाला असायच्या. 2004 मध्ये इंटेलने एलजीए 775 नावाचं सॉकेट आणलं आणि पिना सॉकेटमध्ये गेल्या; चिपच्या खाली उरले नुसते सपाट सोनेरी पॅड. नावातला आकडा म्हणजे संपर्कबिंदूंची संख्या. 2021 च्या एलजीए 1700 मध्ये 1700. एएमडीच्या सर्व्हर चिपचं 2022 चं एसपी5 सॉकेट घे, त्यात 6096. यातला प्रत्येक कॉन्टॅक्ट म्हणजे एक स्प्रिंग, आणि प्रत्येकीने आपापल्या पॅडवर बेताचा दाब द्यायचा. कमी पडला तर संपर्क धड नाही, जास्त झाला तर पॅडचं सोनं खरवडणार. हिशेबाला एकेकीचे 25 ग्रॅम धर. 6096 ने गुणलंस की दीडशे किलोच्या वर जातं. तळहातात मावणाऱ्या चिपवर दोन धट्टीकट्टी माणसं उभी केल्यासारखं. म्हणून वर ती लोखंडी चौकट, स्क्रू, खाली बॅकप्लेट.

खरी मारामारी पुढे आहे. यांत्रिक बाजूला स्प्रिंगचा हात लांब हवा. डिप्लोमाला कॅन्टिलिव्हर बीम शिकलास ना, तोच. लांबी दुप्पट केली की तेवढ्याच दबण्याला जोर एक अष्टमांश, म्हणजे चिप थोडी वाकडी असली, सॉकेट थोडं उंचसखल असलं तरी सांभाळून घेतं. पण सिग्नलवाल्यांना तोच हात आखूड हवा. चिपला कार्डांशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस 5.0 मार्गात एका लेनवरून सेकंदाला 32 अब्ज बिट धावतात. त्यांच्या लेखी लांब वाकडी पट्टी म्हणजे वाटेतला अडथळा आणि शेजारणीच्या कानात कुजबुज. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा याच मिलिमीटरच्या दशांशावरून भांडण होतं. आणि भांडणाच्या शेवटी कोणीतरी विचारतं, "पण हे प्रेसमधून निघेल का?" तिथे तुझी खुर्ची आहे. सिम्युलेशन करणारी पोरं इथे ढिगाने आहेत. त्यांना सॉफ्टवेअरमध्ये वाटेल तो बेंड काढता येतो. स्प्रिंगबॅक किती येईल, म्हणजे वाकवलेला पत्रा किती मागे उसळेल, ग्रेनच्या (पत्र्यातल्या धातूच्या रेषांच्या) कोणत्या दिशेला वाकवलं तर बेंडवर तडा जाईल, एवढ्या बारीक पंचचं आयुष्य किती, हे अंगावर घेतलेला माणूस विरळा.

माझी एक फजिती सांगतो. दुसऱ्या वर्षी एका सॉकेटचा कॉन्टॅक्ट मी डिझाइन केला. ड्रॉइंगवर बर साइड, म्हणजे कापताना कडेला उठणारी धारदार कोर कुठल्या बाजूला हवी ते, लिहिलं नाही. महापेला आमच्या टूलरूममधले काका पार्टकडे बघून ठरवायचे बर कुठल्या बाजूला जायला हवी, त्यामुळे ते लिहायची सवयच नव्हती. इथे स्टॅम्पिंग करणाऱ्याने स्वतःच्या सोयीने स्ट्रिप उलटी लावली. बर आली नेमकी पॅडला घासणाऱ्या बाजूला. दाबताना टोक पॅडवर किंचित सरकतं, तेच हवं असतं, त्याने वरचा मळ खरवडला जातो. पण बर असली की मळासकट सोनंही जातं. प्लेटिंग होऊन आलेली अख्खी रील भंगारात. सोनं फक्त टोकाला लावतात, खाली निकेल, वर पाऊण मायक्रॉनच्या आसपास कठीण सोनं; तरी हजारो कॉन्टॅक्टचं मिळून बिल आलं तेव्हा मॅनेजर काही बोलला नाही. त्याने ते बिल माझ्या मॉनिटरला चिकटवलं. अजून आहे तिथेच.

वाचायचं तर एवढंच वाच: कॅन्टिलिव्हर पुन्हा पक्का कर. फॉस्फर ब्राँझ, बेरिलियम कॉपर आणि निकेल-सिलिकॉनवाले तांब्याचे मिश्रधातू यांतला फरक, विशेषतः गरम राहून राहून स्प्रिंग हळूहळू ढिली का पडते ते. टॉलरन्स स्टॅकअप, म्हणजे मापातले बारीक फरक साठून एकूण किती होतात तो हिशेब, तुला येतोच. प्लास्टिकच्या घराचं थोडं बघ: एलसीपी नावाचं उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरतात, कारण बोर्डावर सोल्डर करताना भट्टीत 260 अंशांपर्यंत तापतं, आणि भाजताना पापडाची कड वळते तसं सॉकेटही वळू बघतं. वळलं की खालचे काही सोल्डरचे गोळे बोर्डाला टेकतच नाहीत. इम्पिडन्स (सिग्नलला वाटेत होणारा विरोध), क्रॉसटॉक (ती शेजारणीच्या कानातली कुजबुज) हे शब्द कशाला म्हणतात एवढं कळलं तरी मुलाखतीला पुरे. जास्त येतंय असं दाखवू नकोस, पकडतात.

आता भाषा. पगारापेक्षा मी हिला जास्त मोजतो. मुलाखत इंग्रजीत होईल, नोकरी चिनीत. ड्रॉइंगवरच्या टिपा, व्हेंडरचे फोन, जेवणाच्या सुट्टीतले ते खरे निर्णय, सगळं मँडरिनमध्ये. पहिलं वर्ष मी मीटिंगमध्ये लग्नातल्या अनोळखी पाहुण्यासारखा हसत बसायचो. मग संध्याकाळचा क्लास लावला. पहिला शब्द कामाचा शिकलो, "चंग-श्यांग-ली", म्हणजे नॉर्मल फोर्स. लिपी इथे जुनी, पूर्ण रेषांची चालते. मोबाइलवर शिकायला घेशील तर ती निवड, चीनमधली सोपी केलेली नको. आजपासून रोज अर्धा तास, लोकलमध्ये. निवड झाली नाही तरी वाया जाणार नाही.

पैसे. कंपनी किती देईल ते तिच्यावर. परदेशी इंजिनिअरला महिना किमान 47,971 तैवानी डॉलर असा कायद्याचा आकडा आहे. ऑफर त्याला चिकटून आली तर कुटुंब घेऊन येऊ नकोस. एका तैवानी डॉलरचे अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धर. वर्षाचा बोनस चांद्र नववर्षाच्या आधी येतो, तो किती महिन्यांचा हे ऑफर लेटरमध्ये लिहून घे, तोंडी नको. आणि एक खाचखळगा, जो मला कोणी सांगितला नाही: कॅलेंडर वर्षात इथे 183 दिवस भरले नाहीत तर पगारावर सरसकट 18 टक्के कर. भरले तर साधा स्लॅब, 5 टक्क्यांपासून. म्हणून रुजू व्हायची तारीख जुलै उजाडायच्या आतली माग. मी सप्टेंबरात आलो आणि चार महिने चरफडत बसलो.

कागद. बीईवर दोन वर्षांचा अनुभव लागतो, तुझा आहे. अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, कामाचं स्वरूप लिहिलेलं घे. तैवान कागदपत्रांच्या हेग करारात नाही, त्यामुळे अपॉस्टील (त्या करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का) करून आणलंस तर चालत नाही, इथे दोघं-तिघं त्यात फसलेत. डिग्रीवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग तैवानच्या कार्यालयाचा. ते दिल्लीला आणि चेन्नईला असायचं, ऑक्टोबर 2024 पासून मुंबईतही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये भारत-तैवान मनुष्यबळाचा करार झाला म्हणून तुझ्या मेव्हण्याने पाठवलेल्या त्या एजंटच्या जाहिराती विसर. तो करार कामगारांसाठी आहे, तुला एजंट लागतच नाही. कोणाला एक रुपया देऊ नकोस.

घरचं. तुझा आरोग्य विमा नोकरीबरोबर सुरू होईल, पण बायको-मुलीला साधारण सहा महिने थांबावं लागतं. तोवरचा विमा तिकडून काढून आण. वहिनींना काम करायचं असेल तर त्यांची परवानगी वेगळी, हे आधीच बोलून घ्या; माझ्याकडे यावरून पहिली दोन वर्षं फार कडू गेली, त्यावर इथे लिहीत नाही. शाकाहारी असाल तर उलट मजा आहे: बौद्ध पद्धतीची शाकाहारी दुकानं गल्लोगल्ली, फक्त कांदा-लसूण नसतो, रोज चातुर्मास. कचऱ्याची गाडी पियानोची धून वाजवत येते, लोक पिशव्या हातात घेऊन फुटपाथवर उभे असतात. मुलीला ते फार आवडेल. आई-बाबांचं काय, हे मात्र तूच ठरव. माझे बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो.

जाऊ नकोस असंही कोणी सांगेल, आणि तेही खोटं नाही. साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प 2023 मध्ये जाहीर झाला, आसामात जागीरोडला टाटांचा आहे. चिप तिथे पॅक होणार म्हणजे तपासावी लागणार, तपासायची म्हणजे टेस्ट सॉकेट लागणार, आणि ते झिजतात, बदलावे लागतात. चार-पाच वर्षं इथे शिकून परत गेलास तर रबाळेत तुझी स्वतःची शेड असू शकते. मी हा विचार दर गणपतीला करतो आणि दिवाळीपर्यंत सोडून देतो.

मुलाखतीला तुझ्या कंपनीचं किंवा गिऱ्हाइकाचं एकही ड्रॉइंग दाखवू नकोस. लाज तुझी जाईल आणि हे लोक मनात नोंद करतील की हा उद्या आमचंही दाखवेल. त्यापेक्षा एखादी साधी स्प्रिंग क्लिप मनाने घे, कागदावर तिची स्ट्रिप लेआउट (पट्टीवर पार्ट टप्प्याटप्प्याने कसा घडतो तो नकाशा) काढ, स्टेशनं मांड, कॅरिअर (पार्ट धरून ठेवणारी कडेची पट्टी) कुठे, पायलट होल (पट्टी नेमकी जागेवर आणणारं भोक) कुठे. रविवारी तुझे बारा वाजले की फोन कर, माझ्याकडे अडीच झालेले असतात. त्याआधी तो कागद मला पाठव. बर साइड लिहून.