वजनकाट्यावरचा मॅनी पॅकियाओ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओ आठ वजनी गटांत विश्वविजेता झाला, असं मी एका स्पर्धेच्या तयारीत वाचलं. आमचे सर म्हणतात, असे आकडे फुगवलेले असतात. खरं काय? (अकरावीतला विद्यार्थी, सातारा)

उत्तर : विक्रम खरा आहे, पण तुझ्या सरांची शंकाही अगदी निराधार नाही. हिशेब नीट मांडू या. १९९८ मध्ये पॅकियाओने पहिलं जागतिक विजेतेपद मिळवलं ते ११२ पौंडांच्या, म्हणजे साधारण ५१ किलोंच्या गटात. २०१० मध्ये आठवं मिळवलं ते १५४ पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ ७० किलोंच्या गटात. मधले ११५ आणि ११८ पौंडांचे गट त्याने चक्क ओलांडले.

आठांपैकी सहा किताब मुष्टियुद्धातल्या चार मोठ्या संघटनांपैकी कुणा ना कुणाचे आहेत. उरलेले दोन गट १२६ आणि १४० पौंडांचे. तिथे त्याने अनुक्रमे मार्को अँटोनियो बरेरा (२००३) आणि रिकी हॅटन (२००९) यांना हरवलं. त्या गटांत त्या वेळी हेच दोघे अव्वल मानले जात होते, म्हणून मुष्टियुद्धाला वाहिलेल्या ‘द रिंग’ मासिकाची मान्यता पॅकियाओला मिळाली. मी हे दोन्ही धरतो. बरेराला हरवणं हे संघटनांच्या कितीतरी किताबांपेक्षा मोठं काम होतं.

माझी तक्रार आहे ती आठव्या किताबाबद्दल. गट १५४ पौंडांचा, पण प्रतिस्पर्धी अँटोनियो मार्गारिटोला १५० पौंडांवर उतरायला लावलं होतं. विजेतेपदाच्या लढतीत अशी तडजोड नसावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्याचबरोबर हेही बघ : वजन आदल्या दिवशी करतात, त्यामुळे लढतीच्या रात्री मार्गारिटो १६५ पौंडांवर पोचला होता आणि पॅकियाओ १४८ वर. सतरा पौंडांनी जड माणसाच्या समोर तो बारा फेऱ्या उभा राहिला आणि त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडून गुणांवर जिंकला.

प्रश्न : सर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, दोन वर्षं बॉक्सिंग शिकतो. स्पर्धेसाठी खालच्या वजनी गटात बसवायला त्याला तीन किलो कमी करायला सांगितलंय. आठवडाभर रात्रीचं जेवण बंद आहे. मोठे खेळाडूही असंच करतात, असं म्हणतात. पॅकियाओनेही केलं असेल ना? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, आज रात्रीपासून त्याला पोटभर जेवायला घाला. मग पुढचं वाचा.

पॅकियाओने नेमकं उलटं केलं होतं. २२ जानेवारी १९९५ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, मिंडोरो बेटावरच्या साब्लायान गावात त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली. मुष्टियुद्धातला सगळ्यात हलका गट १०५ पौंडांचा. हा भरत होता जेमतेम ९८, म्हणजे साडेचव्वेचाळीस किलो. गटात बसण्याइतकं वजन दिसावं म्हणून काट्यावर चढताना त्याने खिशात वजनं टाकली होती. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. मिंडानाओ बेटावरच्या जनरल सांतोसमध्ये त्याने लहानपणी रस्त्यावर डोनट विकले, चौदाव्या वर्षाच्या आसपास घर सोडून मनिला गाठलं आणि काही काळ तिथल्या रस्त्यांवर काढला. त्याचं ते वजन भुकेचं होतं. कुणी ठरवून उतरवलेलं नव्हतं.

वजन उतरवण्याची पाळी आली ती नंतर, आणि ती त्याला महागात पडली. डिसेंबर १९९८ मध्ये थायलंडला जाऊन त्याने चाचाई सासाकुलला आठव्या फेरीत लोळवलं आणि ११२ पौंडांचा जगज्जेता झाला. वीस वर्षं पूर्ण व्हायची होती, अंग अजून वाढत होतं, आता खायलाही मिळत होतं. सप्टेंबर १९९९ मध्ये पुन्हा थायलंडमध्येच किताब राखायला उतरला, तेव्हा शरीर ११२ पौंडांत मावेना. वजनात बसला नाही आणि किताब काट्यावरच गेला. तरीही दुसऱ्या दिवशी सुकलेल्या अंगाने तो मेडगोएन सिंगसुरातसमोर उभा राहिला. तिसऱ्या फेरीत पोटात एक सरळ उजवा ठोसा बसला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत त्याला उठता आलं नाही. एरवी असे ठोसे तो पचवायचा.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी आमच्या क्लबातल्या प्रत्येक पालकाला सांगतो. उपाशी राहून त्याच गटात परतायचा हट्ट धरला नाही. दोन गट सोडून थेट १२२ पौंडांवर गेला. दोन वर्षांच्या आत पुन्हा जगज्जेता. वर चढताना त्याचा वेग गेला नाही, उलट ताकद वाढली, कारण तो जेवून लढत होता.

तेरा वर्षांच्या मुलाचं ‘वजन उतरवणं’ म्हणजे बहुतेक वेळा पाणी उतरवणं असतं. तोंड कोरडं, चक्कर, सरावात चिडचिड, पाय जड, ही त्याची लक्षणं. पाणी कमी झालेल्या शरीराने डोक्यावर ठोसे खाणं धोक्याचं आहे. मुलगा रोज जेवून ज्या वजनाचा असतो त्याच गटात त्याला खेळवा. तिथे हरला तरी हरू द्या. प्रशिक्षक ऐकत नसतील तर प्रशिक्षक बदला, आणि एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

प्रश्न : त्याचं मुख्य हत्यार कोणतं होतं? डावखुरा असण्याचा एवढा फायदा होतो? (हौशी बॉक्सर, सोलापूर)

उत्तर : डाव्या हाताचा सरळ ठोसा. पण हाताकडे बघू नका, पायांकडे बघा. डावखुऱ्या पवित्र्यात उजवा पाय पुढे असतो, समोरच्याचा डावा. पॅकियाओ उजव्या हाताचे दोन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे, टाकता टाकता आपलं उजवं पाऊल समोरच्याच्या डाव्या पावलाच्या बाहेर नेऊन ठेवायचा. त्या एका वितीच्या फरकाने त्याचा डावा खांदा थेट समोरच्याच्या हनुवटीच्या रेषेत यायचा. ठोसा बसला की तो तिथे थांबत नसे. बाजूला सरकून, तिरक्या कोनातून आणखी तीन-चार ठोसे. समोरच्याची मान वळेपर्यंत हा तिथून निघालेला.

२००५ पर्यंत मात्र त्याची सगळी भिस्त या एका हातावर होती. त्या वर्षी एरिक मोरालेसने त्याला गुणांवर हरवलं आणि ही उणीव उघडी पडली. लॉस एंजेलिसमधल्या ‘वाइल्ड कार्ड’ जिममध्ये प्रशिक्षक फ्रेडी रोच यांनी मग त्याचा उजवा हात घडवला. पुढच्याच वर्षी मोरालेसला दोनदा नॉकआउट केलं. २००९ मध्ये हॅटन पहिल्या फेरीत आधी पडला तो उजव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, दुसऱ्या फेरीत संपला तो डाव्याने. तिशीच्या उंबरठ्यावर, जगज्जेता असताना, नवा हात शिकणं! तुमच्या आळशी हातासाठी रोज तीन फेऱ्या वेगळ्या काढा.

प्रश्न : मार्केझने त्याला बेशुद्ध पाडलं ती चित्रफीत पाहिली. एवढा मोठा खेळाडू असा कसा फसला? (नागपूर)

उत्तर : फक्त शेवटचे पाच सेकंद पाहिलेत, म्हणून तसं वाटतं. हुआन मॅन्युएल मार्केझशी त्याच्या चार लढती झाल्या. २००४ च्या पहिल्या लढतीत पॅकियाओने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा खाली पाडलं, तरी मार्केझ उठला आणि लढत बरोबरीत सुटली. २००८ आणि २०११ मध्ये पॅकियाओ निसटता जिंकला. इतक्या फेऱ्या समोरासमोर काढल्यावर मार्केझला त्याची झेप तोंडपाठ झाली होती. ८ डिसेंबर २०१२ रोजी सहाव्या फेरीचा एक सेकंद उरला असताना पॅकियाओ नेहमीसारखा झेपावला. मार्केझने वजन मागच्या पायावर घेतलं आणि आखूड उजवा ठोसा मारला. पॅकियाओ तोंडावर पडला. त्या घटकेपर्यंत फेरी त्याचीच चालली होती. जी झेप त्याला एवढ्या उंचीवर घेऊन गेली, तिच्यावरच मार्केझ टपून बसला होता. मला आजही ती चित्रफीत पूर्ण बघवत नाही.

प्रश्न : अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरविरुद्धची लढत आधी झाली असती तर? (ठाणे)

उत्तर : २०१० च्या सुरुवातीची बोलणी रक्ततपासणीच्या अटींवरून मोडली. लढत झाली २ मे २०१५ ला आणि मेवेदर गुणांवर निर्विवाद जिंकला. पॅकियाओचा खांदा दुखावलेला होता, नंतर शस्त्रक्रियाही झाली. पण निकाल योग्यच होता. पाच वर्षं आधीचा पॅकियाओ जास्त ठोसे मारायचा, एवढंच मी म्हणेन.

प्रश्न : त्याच्याआधी फिलिपिन्समध्ये कुणी मोठा बॉक्सर होता का? की हा एकटाच? (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : बाई, या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. पॅकियाओच्या झगमगाटात ही माणसं झाकली जातात. नेग्रोस बेटावरच्या इलोगचा फ्रान्सिस्को गिलेडो, रिंगमधलं नाव पांचो व्हिया. १८ जून १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याने वेल्सच्या जिमी वाइल्डला सातव्या फेरीत नॉकआउट केलं आणि जगज्जेता झालेला पहिला आशियाई मुष्टियोद्धा ठरला. दोन वर्षांनी दाढेत पू झालेला असतानाच तो जिमी मॅक्लार्निनशी लढला आणि हरला. संसर्ग घशात उतरला आणि १४ जुलै १९२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो गेला. वय अवघं तेवीस. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं.

मग सेबूचा गॅब्रिएल ‘फ्लॅश’ एलोर्दे. १९६० मध्ये मनिलाच्या आरानेता कॉलिसियममध्ये त्याने हॅरॉल्ड गोम्सला हरवून जागतिक किताब मिळवला आणि तो सात वर्षं राखला. त्याच सभागृहात १९७५ मध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत झाली.

प्रश्न : राजकारणात जाऊन त्याने खेळाचं नुकसान केलं, असं नाही वाटत? आणि आता परत का लढतोय? (पुणे)

उत्तर : २०१० मध्ये तो सारांगानीतून खासदार झाला, २०१६ मध्ये सिनेटर, २०२२ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक हरला. २०१६ मध्ये समलिंगी लोकांबद्दल तो जे बोलला ते अत्यंत वाईट होतं. त्याने माफी मागितली, तरी नाइकीने करार तोडला आणि मला तो निर्णय योग्य वाटला. खेळाचं म्हणाल, तर सिनेटर असतानाच २०१९ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्याने कीथ थर्मनला हरवून किताब मिळवला. २०२१ मध्ये निवृत्त झाला आणि जुलै २०२५ मध्ये, ४६ व्या वर्षी परतून मारियो बॅरिओसशी बरोबरीत लढला. लढला चांगला. तरीही मला त्याने थांबायला हवं आहे. डोक्याने झेललेले ठोसे कुठे जमा होतात, ते काटा दाखवत नाही.

प्रश्न : मी कधीच बॉक्सिंग पाहिलेलं नाही. पॅकियाओची एकच लढत बघायची तर कोणती? (गृहिणी, मिरज)

उत्तर : २३ जून २००१, लास वेगास, प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिकेचा लेहलो लेडवाबा. पॅकियाओला बदली खेळाडू म्हणून जेमतेम दोन आठवडे आधी बोलावलं होतं. अमेरिकेत त्याला कुणी ओळखत नव्हतं. सहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. त्या रात्रीची मुख्य लढत ऑस्कर डे ला होयाची होती, लोक त्याच्यासाठी आले होते. साडेसात वर्षांनी हाच डे ला होया वजन उतरवून पॅकियाओसमोर आला. काट्यावर १४५ पौंड, म्हणजे पॅकियाओपेक्षा जेमतेम तीन पौंड जास्त. आठव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही. लेडवाबाची लढत पाहून झाली की ही दुसरीही लावा.