पोराची नाणी शून्य कशी झाली?

प्रश्न : ताई, आम्ही नंदनवनात राहतो, माझा डब्यांचा व्यवसाय आहे. मुलगा नववीत आहे. दोन वर्षांपासून मोबाइलवर एक गेम खेळतो. ओवाळणीच्या, वाढदिवसाच्या पैशांतून त्यानं त्यात नाणी घेतली, कधी 80 रुपयांची, कधी 160 ची. गेल्या आठवड्यात नवा फोन घेतला आणि जुना इतवारीतल्या नणंदेला दिला. नव्या फोनवर गेम उघडला तर नाणी शून्य! पोट्टा दोन दिवस धड जेवला नाही. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आहे, तिथं तक्रार करू का? — एक आई, नागपूर

उत्तर : ताई, आधी नणंदेला फोन लावा. पुढचं नंतर वाचा. त्यांना सांगा, तो गेम काढू नका आणि फोन रीसेट करू नका.

तुमच्या मुलानं बहुधा 'गेस्ट' म्हणून खेळायला सुरुवात केली असावी. मुलं घाईत तेच बटण दाबतात. तसं केलं की नाणी मुलाच्या नावावर नसतात, त्या फोनला बांधलेली असतात. नव्या फोनवर त्याच गेमला तो नवखा खेळाडू वाटतो, म्हणून शून्य. जुन्या फोनमध्ये गेम अजून असेल तर नाणी बहुतेक जागेवरच असतील.

मुलाला घेऊनच इतवारीला जा. जुन्या फोनवर गेम उघडून सेटिंगमध्ये खातं ई-मेलला जोडा, मग नव्या फोनवर त्याच ई-मेलनं आत शिरा. मात्र नव्या फोनवरच्या शून्याच्या खात्याला त्यानं आधीच आपला ई-मेल जोडला असेल, तर जुन्यासाठी दुसरा ई-मेल वापरा. 'कोणता खेळ ठेवायचा' असं विचारलं तर जुना निवडा. इथं बोट चुकलं की दोन वर्षांचा खेळ पुसला जाऊ शकतो, म्हणून घाई नको.

गेम काढून टाकला असेल तर कंपनीला लिहावं लागेल. त्यासाठी खेळाडू क्रमांक लागतो. तो मुलाच्या मित्रांकडे सापडेल, त्यांच्या गेममधल्या मित्रयादीत याचं जुनं नाव असतं. सोबत खरेदीच्या पावत्या जोडा. अ‍ॅप स्टोअरकडून आलेल्या ई-मेलमध्ये ऑर्डर क्रमांक असतो, आणि यूपीआयनं पैसे दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नोंद दिसेल. विकत घेतलेली नाणी आणि खेळून कमावलेली नाणी वेगळी लिहा. विकत घेतलेल्यांना पुरावा असतो, त्यांच्यावर जोर द्या.

रिझर्व्ह बँकेकडे मात्र जाऊ नका. मोबाइल वॉलेटमधले रुपये गायब झाले आणि कंपनीनं 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. गेमची नाणी रुपयांत परत मिळत नाहीत, ती त्या चौकटीत बसत नाहीत. कंपनी उत्तरच देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगही आहे, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही, पण एवढ्या रकमेसाठी डबे सोडून तारखांना जाणं मला पटत नाही.

मुलाला रागावू नका. ओवाळणीचे पैसे होते ते, त्याला लागणारच. फक्त एक बजावा : 'तुझी नाणी परत मिळवून देतो, ओटीपी सांग' असा मेसेज आला तर उत्तर देऊ नकोस. हरवलेलं शोधणाऱ्या मुलांनाच असे लोक गाठतात. ओटीपी दिला गेला आणि खात्यातून पैसे गेले, तर त्याच क्षणी 1930 ला फोन करा.