ऑनलाइन जाहिरात बघून घेतलेलं जुनं आऊटबोर्ड मशीन आठवड्यात बंद पडलं, विकणारा हात वर करतोय. काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोबाइलवरची जाहिरात बघून रत्नागिरीकडच्या माणसाकडून ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, ६२ हजारांना घेतलंत. जाहिरातीत ‘कंडिशन एकदम ओके, समुद्रात चालू’ असं होतं. त्याने अंगणात पाण्याच्या पिंपात चालवून दाखवलं, तुम्ही यूपीआयने पैसे दिले, मशीन देवगडला आणून होडीला लावलं आणि खाडीत वीस मिनिटांत गरम होऊन ते बंद पडलं. आता तो म्हणतो, जुन्या मालाला गॅरंटी नसते. पोलिसात जावं की ग्राहक मंचात?

आज दोन्हीकडे नको. आधी मिस्त्रीकडे जा, आणि तेही जरा बेताने.

मी मालवणात आऊटबोर्ड दुरुस्त करतो. ही भांडणं वकिलाकडे जायच्या आधी माझ्या बाकड्यावर येतात, आणि बहुतेक वेळा तिथेच मिटतात. सगळं अडतं ते एकाच ठिकाणी: बिघाड त्याच्या दारात असतानाचा की तुमच्याकडे आल्यावरचा? तो एक बोलणार, तुम्ही दुसरं. पण मशीन खारं पाणी प्यालेलं आहे, आणि खारं पाणी आपली तारीख आत सोडून जातं. म्हणून पहिली गोष्ट: मशीनला आता पाना लावू नका. शेजारच्या पोराला ‘जरा हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोलून बघ’ असं तर अजिबात सांगू नका. एकदा एकट्याने खोललंत की ‘खोलून वाट लावली’ हे उत्तर समोरच्याला आयतं मिळतं. परत सुरू करून बघायचा मोहही आवरा. गरम झालेलं मशीन पुन्हा ओढलं तर पिस्टन धरतो, म्हणजे आत जाम होतो, आणि तो खर्च मग तुमचाच.

पिंपात चाललेलं मशीन खाडीत का मेलं, ते समजून घ्या, कारण भांडताना तेच उपयोगी पडणार. आऊटबोर्डला रेडिएटर नसतो. खालच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागात, रबराचा इंपेलर (पंपाचं पात्यांचं चाक) असतो, तो बाहेरचं पाणी ओढून वर सिलिंडरच्या भोवती फिरवतो आणि बाहेर टाकतो. मागे बारीक धार पडते ती त्यातलीच. पिंपात मशीन बिनवजनाचं, मंद चालतं, तापायला वेळच मिळत नाही. पाच मिनिटांत धार दिसली की घेणारा खूश. पण ती धार पंप चालू असल्याची खूण आहे. सिलिंडरभोवतीच्या वाटा मोकळ्या आहेत, हे त्या धारेवरून कळत नाही. रोज गोड्या पाण्याने मशीन न धुणाऱ्याच्या इंजिनात त्या वाटा मिठाने हळूहळू बुजतात. होडीला लावून माणसं आणि जाळी घेऊन पुरा थ्रॉटल दिला की वीस मिनिटांत नेमकं तुमच्यासारखं होतं.

पण हेही होऊ शकतं की बिघाड अगदी किरकोळ असेल, आणि तुम्ही ६२ हजारांचं भांडण एका इंपेलरपायी मांडलंय. मशीन पावसाळाभर खोपीत पडून राहिलं की इंपेलरची पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात आणि थोडं चाललं की तुटतात. तो झिजणारा भाग आहे, स्वस्त आहे, जुनं मशीन घेणाऱ्याने तो बदलायचाच असतो. त्यासाठी विकणाऱ्याला चोर म्हणू नये. आणि तुमच्या बाजूचंही बघा. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी गाळात मशीनचा पाय घासला होता का? पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली होती का? मशीन होडीच्या फळीवर जास्त वर बसवलं तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकलंत? यातलं काही घडलं असेल तर आत्ताच कबूल करा, मिस्त्रीला ते दिसणारच आहे.

आता विकणाऱ्याला मेसेज टाका. फोनवर नको, लिहून. मी लोकांना साधारण असा लिहायला सांगतो: ‘अमुक तारखेला तुमच्याकडून अमुक नंबरचं इंजिन ६२,००० रुपयांना घेतलं. जाहिरातीत समुद्रात चालू असं लिहिलं होतं. अमुक तारखेला पहिल्यांदा खाडीत चालवलं, वीस मिनिटांत गरम होऊन बंद पडलं. तेव्हापासून वापरलेलं नाही, खोललेलंही नाही. रविवारी सकाळी खोलायचं आहे. तुम्ही या किंवा तुमचा मिस्त्री पाठवा. हे मशीन या अवस्थेत मला मान्य नाही.’ शिवी नको, पोलिसाचं नाव नको. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. वस्तू विक्री कायदा, १९३० चा, आजही तोच चालतो. त्यात घेणाऱ्याने वाजवी मुदतीत वस्तू नाकारल्याचं कळवलं नाही, किंवा आपलीच समजून वापरत राहिला, तर ती त्याने स्वीकारली असं धरतात. आणि योग्य कारणाने नाकारली असेल तर ती विकणाऱ्याच्या दारात परत नेऊन टाकायचं बंधन घेणाऱ्यावर नसतं, कळवलं की पुरे. म्हणजे ‘आधी मशीन आणून दे, मग बघू’ असं तो म्हणाला तर टेम्पोचं भाडं घालून लगेच धावू नका.

त्याआधी जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढा. मेसेज पोचला की जाहिरात गायब होते, हे ठरलेलं. गप्पांचे, पैसे दिल्याचे, त्याने पाठवलेल्या व्हिडिओचे पुरावे फोनमध्ये ठेवाच, पण दुसरीकडेही एक प्रत असू द्या. अ‍ॅपवाल्यांकडून फार आशा नको. फुकट जाहिराती लावणारी अ‍ॅप सौद्यात पडत नाहीत, जास्तीत जास्त त्या माणसाचं खातं बंद करतील. आणि माल खराब निघाला म्हणून बँक यूपीआयचे पैसे माघारी आणून देत नाही.

रविवारी खोलताना मी काय बघतो ते सांगतो. आधी बाहेरून फोटो: नंबरची पाटी, रंग, बोल्टची डोकी. ताज्या रंगाखाली फोड आलेले असतील तर खाली गंज आहे. मग खालच्या पायाचा ऑइलचा स्क्रू सैल करतो. गिअर ऑइल काळपट किंवा मधाच्या रंगाचं आलं तर ठीक. दुधाच्या चहासारखं आलं तर सील गेलेलं आहे आणि आत पाणी शिरलंय. मग वरचं झाकण. कॉइलच्या जोडांवर हिरवट-पांढरी बुकणी, फ्लायव्हीलखाली गंज, कोपऱ्यात बारीक रेती, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी पूड, हे सगळं एकत्र दिसलं की मशीन कधीतरी अख्खं खाऱ्या पाण्यात बुडालेलं आहे. बुडालेलं मशीन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, ऑइल मारून सुरू केलं तर वाचतं. दोन दिवस किनाऱ्यावर पडलं तर बेअरिंग आतून गंजतात, आणि मग रंग मारून विकलं जातं. शेवटी हेड काढून पाण्याच्या वाटा. तिथे मिठाचा दगड झालेला असतो, स्क्रूड्रायव्हरने खरवडला तरी सुटत नाही. तो आठवड्यात होत नाही. हे समोरच्याच्या मिस्त्रीलाही मान्य करावं लागतं, आणि बहुतेक भांडणं त्या क्षणी मऊ पडतात.

जे दिसलं ते मिस्त्रीकडून कागदावर घ्या: तारीख, इंजिन नंबर, खोलायच्या आधी काय होतं, आत काय निघालं, अंदाजे किती जुनं, दुरुस्तीला किती. खाली सही आणि हजर असलेल्यांची नावं. विकणारा आला नाही तर मेसेज पाठवल्याचा पुरावा आहेच, खोला आणि व्हिडिओ करा.

आता ‘जुन्या मालाला गॅरंटी नसते’ याचं. अर्धं खरं आहे. खाजगी माणसाने आपली जुनी वस्तू विकली तर ती चांगली चालेलच अशी हमी कायदा आपण होऊन धरत नाही. बघून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची. पण वस्तूचं वर्णन करून विकली असेल तर ती वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, मग विकणारा दुकानदार असो की तुमच्यासारखा मच्छीमार. ‘समुद्रात चालू’ हे वर्णन आहे. आणि माहीत असलेला दोष मुद्दाम झाकला, म्हणजे बुडालेल्या मशीनला रंग मारून ‘ओके’ म्हटलं, तर करार कायद्यात ती फसवणूकच. नुसतं गप्प बसणं मात्र सहसा फसवणुकीत धरत नाहीत. घेताना ‘मशीन कधी बुडालं होतं का?’ असं तोंडावर विचारलं असतंत आणि त्याने नाही म्हटलं असतं, तर तुमची बाजू आणखी घट्ट झाली असती. तोही म्हणणार की ऑइलचा स्क्रू काढून बघायला तुला कोणी अडवलं होतं? त्यात तथ्य आहे, म्हणून दुधाळ ऑइलवर फार जोर देऊ नका. मिठाने बुजलेल्या वाटांवर द्या. त्या हेड न काढता कोणालाच दिसत नाहीत.

मागे आचऱ्याच्या एका घेणाऱ्याने वेंगुर्ल्याच्या विकणाऱ्याला माझ्या बाकड्यासमोर एकच वाक्य ऐकवलं: ‘‘मशीन जुनां आसा तां माका ठावक आसा. पण तां पाण्यात बुडलां होतां, ह्यां तू खंय सांगितलंस?’’ समोरचा गडबडला. तरी आचऱ्यावाल्याने सगळे पैसे मागितले नाहीत. पार्टचे पैसे विकणाऱ्याने दिले, मजुरी घेणाऱ्याने सोसली, आणि मशीन आचऱ्यालाच राहिलं. मला हा तोडगा सगळ्यात पटतो. पूर्ण पैसे परत मागितलेत तर ते त्याने आधीच खर्च केलेले असतात, मग तो फोन उचलत नाही. दुरुस्तीचा आकडा हातात घेऊन गेलात की बोलायला जागा राहते. मशीन वाचण्यापलीकडे असेल, बेअरिंग आणि क्रँक गेलेली असेल, तरच सौदा मोडायची मागणी लावून धरा.

त्याला एकट्याने पटत नसेल तर दोघांना ओळखणारा माणूस शोधा. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन या कामाला वकिलापेक्षा लवकर उपयोगी पडतात, कारण विकणाऱ्याला उद्या डिझेल आणि बर्फ सोसायटीतूनच घ्यायचा असतो. गावात तंटामुक्ती समिती जिवंत असेल तर तीही चालेल. २००७ साली १५ ऑगस्टला ही मोहीम सुरू झाली तेव्हाचा उत्साह सगळीकडे उरलेला नाही, पण काही गावांत अजून बैठक बसते.

तरी नाही जमलं, तर दोन वाटा. तो जुनी मशीन घेऊन, रंगवून विकणारा धंदेवाईक असेल (त्याच नंबरवरून आणखी किती मशीनच्या जाहिराती आहेत ते बघा), तर ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच. मच्छीमारीसाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कोणी सांगेल, त्याला भुलू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणात मोडत नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्गात करता येते, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करा. पण तो साधा मच्छीमार असेल आणि स्वतःचं एकच मशीन विकलं असेल, तर आयोगात तुमची तक्रार उभी राहणं कठीण. मग तालुका विधी सेवा समिती. ती तालुक्याच्या कोर्टातच असते. दावा दाखल करायच्या आधीच लोकअदालतीसाठी साधा अर्ज देता येतो, खर्च नाही, समोरच्याला तिथून नोटीस जाते. कोर्टाच्या नोटिशीचा कागद बघून निम्मे लोक चर्चेला येतात. तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करताना आकडा नीट वाचा.

पोलिसात जायचं ते पैसे घेऊन मशीनच दिलं नसतं, किंवा नंबर खोडलेलं, चोरीचं निघालं असतं तर. पैसे घेऊन कोणी गायब झालाच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, जितक्या लवकर तितकं बरं. तुमचा माणूस घर दाखवून, हातात मशीन देऊन बसलाय. ठाण्यात ‘दिवाणी बाब आहे’ एवढंच ऐकून परत याल, आणि तडजोडीची वाट मात्र बंद होईल.

मे-जूनमध्ये मशीन घेणाऱ्या बाकीच्यांसाठीही एक सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हंगाम संपता संपता मशीन स्वस्तात निघतात आणि घेणारा ती थेट ऑगस्टमध्ये पाण्यात घालतो. तोवर वाजवी मुदत निघून गेलेली असू शकते. अशा वेळी सौद्याच्या मेसेजमध्येच लिहून घ्या की ऑगस्टमध्ये समुद्रात चालवून बघेपर्यंत दहा हजार बाकी राहतील. विकणारा प्रामाणिक असेल तर कुरकुरत का होईना, मान्य करतो.

तुमचं मिटलं तर कागदावर इंजिन नंबर, किती पैसे, कोणत्या तारखेपर्यंत आणि ‘यापुढे एकमेकांकडे मागणी नाही’ एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे रोख नको, खात्यावर घ्या.