हजार डॉलरचा परवाना आणि साडेसातशेचा हप्ता

प्रश्न: मी ह्यूस्टनला राहतो, वय ४४, मूळ रत्नागिरीचा. लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गळ टाकायचो. आता महिन्यातून दोन शनिवार मुलाला (वय १३) घेऊन गॅल्व्हेस्टनला जातो. टेक्सासचा मासेमारीचा वार्षिक परवाना, गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांचा, ४० डॉलरला पडतो आणि आजीवन १,००० डॉलरला. एकदाच आजीवन घेऊन टाकावा का? मुलगा कॉलेजला गेला की, म्हणजे पाच-सहा वर्षांत, रत्नागिरीला परतायचं ठरलंय. पगार १ लाख २० हजार डॉलर. ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यात सध्या काही भरत नाही (कंपनी पाच टक्क्यांपर्यंत आपल्याइतकेच पैसे घालते), कारण तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांकडून आययूएल, म्हणजे शेअर निर्देशांकाच्या चढउतारावर व्याज देणारी आयुर्विमा पॉलिसी घेतली. हप्ता महिना ७५० डॉलर. निवृत्तीची सोय तिच्यातून होईल. विवरणपत्र जोडलं आहे.

उत्तर: परवान्याचं आधी उरकून टाकू. आजीवन घेऊ नका. हजार डॉलर चार टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला चाळीस सुटतात. म्हणजे वार्षिक परवाना व्याजात निघतो आणि मुद्दल तुमच्याकडेच राहतं. जन्मभर टेक्सासात राहणाऱ्यालासुद्धा हा सौदा जेमतेमच आहे. पासष्टीपर्यंत २१ वर्षांचे ८४० डॉलर, पुढे ज्येष्ठांचा परवाना २२ डॉलरचा, म्हणजे बाहत्तरीच्या आसपास हजार वसूल. फी वाढली तर थोडं आधी. तुम्ही तर सहा वर्षांत निघणार, तुमचा एकूण खर्च २४० डॉलर. पुढे कधी सुट्टीत आलात तर बाहेरच्यांना एका दिवसाचा परवाना १६ डॉलरला मिळतो. मुलाला १७ वर्षांचा होईपर्यंत परवाना लागत नाही. आणि टेक्सासच्या कुठल्याही स्टेट पार्कात काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला तुम्हालाही लागत नाही, पार्कात शिरायचे पैसे तेवढे भरायचे.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत त्याबद्दल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. कंपनी पाच टक्के घालते. १ लाख २० हजारांचे पाच टक्के म्हणजे वर्षाला ६,००० डॉलर. ते तुमच्या पगाराचाच भाग आहेत आणि तीन वर्षं तुम्ही ते उचललेले नाहीत. १८ हजार डॉलर गेले. चाळीस डॉलरच्या परवान्यावर इतका विचार करणारा माणूस दरवर्षी तसल्या दीडशे परवान्यांचे पैसे सोडून देतो आहे, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आणि ते सोडले कशासाठी? विवरणपत्राचं दुसरं पान उघडा. गेल्या वर्षी भरलेला हप्ता ९,०००. त्यातून विम्याचा खर्च, हप्त्यावरचा आकार, पॉलिसीचा खर्च असे मिळून कापलेले ३,२००. जमा झालेलं व्याज ७००. खात्यावर दिसतात २०,३००, पण त्याच्याच खाली बारीक अक्षरात सरेंडर व्हॅल्यू लिहिली आहे: ९,८००. तीन वर्षांत २७ हजार भरले, आज हातात येतील दहा हजारसुद्धा नाहीत.

पॉलिसी विकताना तुम्हाला दाखवलेल्या तक्त्यात साडेसहा टक्के व्याज धरलं आहे आणि पासष्टीनंतर दरसाल करमुक्त ५० हजार. असे तक्ते इतके फुगवले जात होते की २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विमा नियामकांना त्यांवर मर्यादा घालावी लागली, २०२० मध्ये ती आणखी कडक करावी लागली. तक्ता म्हणजे वचन नव्हे. बाजार पडला तरी व्याज शून्याखाली जात नाही, हे खरं. पण ते व्याजापुरतं. शून्याच्या वर्षीही खर्च कापला जातोच, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. बाजार चढला तर तुमच्या वाट्याला ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंतच येतं, एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश तर मोजतच नाहीत. ती कमाल मर्यादाही कंपनी पुढे बदलू शकते.

त्या गृहस्थांनी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: हप्ता किती वर्षं भरणार? तक्ता पासष्टीपर्यंत हप्ते धरतो. तुम्ही पन्नाशीला रत्नागिरीत असाल. तिथून आजच्या दराने महिना ६५ हजार रुपयांहून जास्त पाठवणार का? नाही पाठवलेत तर खर्च खात्यातून कापला जात राहील आणि एक दिवस पॉलिसी बंद पडेल. परतायचं ठरवलेल्या माणसाला ही वस्तू विकणं चूक होतं, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

‘भारतात गेलात की ४०१(के) अडकतो’ असं तुम्हाला सांगितलं असेल तर तेही बरोबर नाही. तुम्ही भरलेले पैसे तुमचेच राहतात. २०२१ च्या अर्थसंकल्पाने सोय करून दिली आहे की अमेरिकेतल्या निवृत्ती खात्यातल्या वाढीवर भारतात दरवर्षी कर न लागता पैसे काढाल तेव्हा लागावा. त्यासाठी ठरलेला फॉर्म वेळेत भरावा लागतो, म्हणून निघण्याआधी दोन्ही देशांचा कर कळणाऱ्या सीएला गाठा. साडेएकोणसाठच्या आधी पैसे काढले तर साधारणपणे दहा टक्के दंड बसतो, तेव्हा त्याला हात लावू नका. कंपनीच्या पैशावर पूर्ण हक्क किती वर्षांनी मिळतो, हेही एचआरला विचारा.

सोमवारी सकाळी पहिलं काम, ४०१(के) ला पाच टक्के लावा. महिना ५०० तुमचे, ५०० कंपनीचे. सहा टक्के धरले तरी सहा वर्षांत ८० हजारांच्या पुढे जातात. तुमचे ५०० कर कापण्याआधीचे, त्यामुळे हातातला पगार त्याहून कमीच घटेल.

दुसरं काम मुदत विम्याचं. तुम्ही निरोगी असाल आणि सिगारेट ओढत नसाल, तर पाच लाख डॉलरचा वीस वर्षांचा विमा महिना शंभरच्या आत मिळेल. तो हातात पडेपर्यंत आययूएल चालू ठेवा. वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर घर उघड्यावर पडायला नको. नवी पॉलिसी लागू झाली की जुनी सरेंडर करा. भरल्यापेक्षा कमी परत मिळतंय, त्यामुळे त्यावर कर नाही.

‘अजून एक वर्ष थांबलात तर सरेंडरचा (पॉलिसी मोडण्याचा) आकार कमी होईल’ असा त्या गृहस्थांचा फोन तुम्हाला येईल. होईल ना, तुमच्या पॉलिसीच्या तक्त्याप्रमाणे साधारण ७०० डॉलरनी. त्यासाठी ३,२०० चा खर्च आणि कंपनीचे ६,००० आणखी एक वर्ष सोडायचे का, एवढंच त्यांना विचारा. ओळख मोडायची गरज नाही. ‘मी परत जातोय, मला हप्ता झेपणार नाही’ हे खरं कारण आहे आणि तेवढं पुरे.

चालू परवाना ३१ ऑगस्टला संपेल, नवा १ सप्टेंबरपासून, चाळीस डॉलरचाच घ्या. आणि पाच टक्के कापून आलेल्या पहिल्या पगाराची स्लिप मला पाठवा, कंपनीचे पैसे त्यात दिसतात का ते मला बघायचं आहे.