कानावरचा पांढरा ठिपका

ताई, नमस्कार. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात आमची थोडी भातशेती, काजूची झाडं, दोन म्हशी आणि पाच-सहा शेळ्या आहेत. गेल्या मे महिन्यात पुण्याचा नातू (वय 9) आला, तेव्हा शेळीला तीन करडं झाली होती. एकाला दूध पुरेना. नातवानं त्याला बाटलीनं पाजून जगवलं, लिओ नाव ठेवलं. यंदा गावात लक्ष्मीची जत्रा झाली आणि पाहुण्यांसाठी आम्ही तोच बोकड कापला. पोराची परीक्षा होती म्हणून पुण्याची मंडळी आली नव्हती. ह्यांनी व्हिडिओ कॉलवर दुसराच काळा बोकड दाखवला. परवा नातू म्हणाला, "आजी, ह्याच्या कानावरचा पांढरा ठिपका कुठं गेला?" मी म्हटलं, उन्हानं गेला. आता मे लागला की तो आणि बेंगळूरची नात (वय 11), दोघं येणार. हे म्हणतात, रोज कुठंतरी फिरवून आणू, विसरेल. सुनेला काहीच माहीत नाही. मला झोप लागत नाही.
— एक आजी

अक्का,

"उन्हानं गेला" हे वाचून मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. पोराला बहुतेक कळलंय. ठिपक्याचं विचारलं म्हणजे त्यानं तुम्हाला खरं बोलायची एक संधी दिली. ती हुकली, पण दुसरी आहे. तो गाडीत बसायच्या आधी फोन करा.

आधी मुलाला आणि सुनेला सांगा. सून चिडेल, तिला चिडू द्या. मग नातवाशी बोला, आणि तुम्हीच बोला. आजोबांवर सोपवलंत तर ते नवा बोकड घ्यायचं कबूल करून मोकळे होतील. शब्द साधे ठेवा: "लिओ आता नाही. जत्रेत कापला. तुला दाखवला तो दुसरा होता. आम्ही तुझ्याशी खोटं बोललो, ते चुकलं." एवढं बोलून थांबा. "मटण तूही खातोस की" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. खरं असलं तरी त्या वेळी ते फार लागतं. तो रडेल, फोन ठेवेल, कदाचित येणार नाही म्हणेल. दोन दिवसांनी पुन्हा फोन करा.

मी सात वर्षांची असताना आमच्या घरची पाडी विकली. मला सांगितलं, मामाच्या गावाला गेली. दिवाळीत मामाकडे गेले आणि त्यांचा गोठा, मागचं परडं, शेजाऱ्यांचाही गोठा पालथा घातला. मामी विचारत होती, काय शोधूलालीस गं? पाडी विकल्याचं मी कधीच विसरले. मामाच्या दारात झालेली फजिती मात्र अजून आठवते.

तो विचारेल, लिओच का? तेव्हा शेळ्यांचा हिशोब नीट सांगा. शेळी पाच महिन्यांत विते, एकदोन कधी तीन करडं देते. त्यातल्या पाटी, म्हणजे माद्या, आपण ठेवतो, पुढं दूध आणि करडं त्यांच्यापासूनच. पाच-सहा शेळ्यांना एक बोकड पुरतो, बाकीचे पोसायला उन्हाळ्यात चारा कुठला आणायचा? नऊ वर्षांच्या पोराला हे समजतं. मान्य होईलच असं नाही. तो असेपर्यंत मटण नको म्हणाला तर आमटी-भात करा आणि ताटावर त्यावरून एक शब्दही काढू नका.

आता रोजच्या फिरण्याचं. गोकाकचा धबधबा मे महिन्यात दाखवून काय करणार? तेव्हा बहुतेक उघडा खडकच दिसतो. तिकडं पावसाळ्यात या म्हणावं. दोन ठिकाणं पुरेत. एक असोगा: रामलिंगेश्वराचं दर्शन घ्यायचं, मलप्रभेच्या उथळ पाण्यात पोरांना डुंबू द्यायचं आणि डबा तिथंच उघडून खायचा. दुसरं कणकुंबी: ही नदी निघते कुठून ते पाहायला. एसटीनं न्या. बसवरच्या कन्नड पाट्या बेंगळूरची नात वाचेल आणि पुण्याचा तिच्या तोंडाकडं बघत बसेल, त्याचं लक्ष तेवढंच दुसरीकडं.

बाकीचे दिवस घरीच काढा, आणि त्यासाठी एक काम सुचवते. तुमच्याकडं कोंबड्या असतीलच. पोरं यायच्या आठवड्यात खुडूक झालेली, म्हणजे अंड्यांवर बसू लागलेली, एखादी अडवून ठेवा आणि ताजी अंडी जमवा. आठवड्यापेक्षा जुनी नकोत, उन्हाळ्यात लवकर खराब होतात. टोपलीत भाताचा पेंढा घालून दहा-बारा अंडी पोरांच्या हातून मांडून घ्या. पिल्लं 21 दिवसांनी निघतात, म्हणजे सुट्टीत बरोबर बसतं. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत अंड्यामागं टॉर्च धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू धरलंय, नुसतंच उजळलं तर ते अंडं काढून टाका. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. कोंबडी दिवसातून एकदा उठते, तेव्हा दाणापाणी तयार ठेवायचं काम नातवाचं. दिवसांच्या खुणा चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं नात करेल.

पण अंडी मांडायच्या आधीच त्याला सांगा, निम्मे कोंबडे निघतील आणि ते मोठे झाल्यावर आपण विकतो किंवा खातो. नाव ठेवायचं की नाही ते त्यानं ठरवावं. एखादी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, कायमची माझी म्हणाला तर कबूल व्हा, पण कबूल झालात की तिला कुणाच्याही जत्रेत हात लावायचा नाही. आजोबांनाही हे बजावून ठेवा.

दोन बारीक गोष्टी. ओल्या काजूबियांचा चीक लागला तर कातडी भाजते, पोरांना फोडू देऊ नका. आणि वळीव गडगडायला लागला की आंब्याखाली पाड वेचणारी पोरं आधी घरात घ्या, आंबे नंतर.

फोन आजच करा, अक्का. संध्याकाळी करा.